काकांचा वाऱ्याचा नकाशा

माझे काका खिडक्यांना काचा बसवतात आणि त्या काचा सायकलवरून नेतात. हे ऐकून लोक आधी हसतात, मग काळजीत पडतात. काकूला मात्र सदतीस वर्षांत यावर एकदाही हसू आलेलं नाही.

सायकलच्या डाव्या अंगाला त्यांनी स्वतः ठोकलेली लाकडी चौकट आहे. तिला आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर आहे. काच तिच्यात उभी राहते, चाकांना समांतर. त्यामुळे समोरून वारा आला तर काकांना त्याचं काहीच वाटत नाही. "फार तर पाय दुखतील," म्हणतात. बाकीचे सायकलवाले समोरच्या वाऱ्याला शिव्या घालतात आणि आमचे काका पाहुण्याला जावं तसे त्याला सामोरे जातात. त्यांचं वैर आडव्या वाऱ्याशी. तो काचेच्या अख्ख्या अंगावर येतो आणि काच, सायकल, काका अशा तिघांना एकदम रस्त्याच्या कडेला ढकलतो.

गंमत अशी की त्यांचं काम आणतो तोही वाराच. जोराचा वारा सुटला की कुठेतरी खिडकी आपटते, तावदान फुटतं आणि दुकानातला फोन वाजतो. म्हणजे ज्या दिवशी शहाण्या माणसानं सायकलला हात लावू नये, नेमक्या त्याच दिवशी काकांना बोलावणं येणार.

दर सुट्टीत मी त्यांच्याकडे चार दिवस राहते आणि सायकल घेऊन त्यांच्या मागे हिंडते. शाळेत मी भूगोल शिकवते. वारे कुठून कुठे वाहतात हे मला तोंडपाठ आहे, पण पुलावर वारा आला की काय करायचं ते काकांनी शिकवलं. हँडल आवळून धरायचं नाही, सैल धरायचं. घरांची रांग संपायच्या आत अंग वाऱ्याकडे झुकवायचं, वारा लागल्यावर नाही. शेजारून ट्रक गेला की वारा क्षणभर अडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर रेललेलं राहायचं नाही. आणि लांबची पाण्याची टाकी बघत चालवायचं नाही, कारण ती जवळ येत नाही आणि माणूस उगाच हिरमुसतो.

दुकानाच्या भिंतीवर त्यांचा नकाशा आहे. आजूबाजूची पंधरा-वीस गावं, सगळे रस्ते, हातानं काढलेले. वाऱ्यानं फुटलेलं तावदान बसवून आले की त्या घरावर लाल पेन्सिलीनं एक ठिपका देतात. सव्वीस वर्षांचे ठिपके आहेत ते. कुठे गोवर आल्यासारखे दाट, कुठे तुरळक. जिथे ठिपके दाट तिथे वारा वाईट, आणि त्या अंदाजानं ते वाट ठरवतात. पहिल्यांदा त्यांनी हे समजावलं तेव्हा मी थक्क झाले होते. वर्गात मुलांना सांगितलंही, की शोध असा लावायचा असतो.

काकूला त्या नकाशाचं कौतुक नव्हतं. "घरातल्या माणसाचं ऐकत नाहीत, भिंतीवरच्या कागदाचं ऐकतात," ती म्हणायची. गेल्या वर्षी काका दोनदा पडले. एकदा कोपर सोलवटलं, दुसऱ्यांदा तळहाताला सात टाके. टाके काढून घरी आल्यावर काकूनं जेवायला वाढता वाढता सांगून टाकलं, "आता वाऱ्यानं पुन्हा पाडलं, किंवा एक जरी काच फुटली, तर सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे." काकांनी कबूल केलं. कबूल न करून सांगतात कुणाला?

मला मात्र ते नंतर म्हणाले, "काच काय, टेम्पोनंही जाईल. पण सायकल गेली तर मी काय करू? दुकानात बसून काचेतून बाहेर बघू?" बोलताना हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

यंदा मी पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, चौदा किलोमीटरवरच्या गावातल्या वाचनालयाचा फोन आला. मोठ्या खिडकीचं तावदान फुटलं होतं, पुस्तकं भिजायची भीती होती. काच चार फूट उंच आणि अडीच फूट रुंद. वारा पश्चिमेचा, सकाळपासूनच पिसाळलेला, आणि रस्ता सरळ उत्तरेकडे. म्हणजे पूर्ण वेळ आडवा. काका नकाशासमोर उभे राहिले. नेहमीच्या हमरस्त्यावर ठिपकेच ठिपके होते. गिरणीमागून जाणारा रस्ता तीन किलोमीटरनं लांबचा, पण त्यावर आठ-दहा घरं आणि सव्वीस वर्षांत एकही ठिपका नाही.

"इथून कधी गेलोच नाही," काका म्हणाले. "कुणी बोलावलंच नाही ना. आडोसा असणार चांगला."

मीही मान डोलावली. भूगोलाच्या बाई!

काकू दारात उभी होती. तिनं चौकटीच्या दोरीची गाठ ओढून बघितली.

पहिला किलोमीटर खरोखर छान गेला. डाव्या हाताला गिरणीची लांबलचक भिंत होती, वारा डोक्यावरून जात होता. काकांनी मागे वळून "बघ" असा चेहरा केला. मग भिंत संपली.

वाऱ्यानं मलाच अर्धा रस्ता ओलांडायला लावला, आणि माझ्याकडे तर हत्यारांच्या पिशवीशिवाय काही नव्हतं. पुढे काकांचं मागचं चाक सरकलं. ते वाऱ्याकडे इतके झुकले की पेडल जमिनीला घासलं. दुसरा झोत आला, तेव्हा त्यांनी कसाबसा पाय टेकवला आणि ओरडले, "उतर!" आम्ही दोघांनी मिळून काच चौकटीतून काढली, रस्त्याकडेच्या गवतात आडवी ठेवली. काका तिच्यावर दोन्ही हात दाबून बसून राहिले. त्यांचे हात थरथरत होते. मी काकांना असं कधी पाहिलेलं नव्हतं, मला ते बघवेना.

मग हळूहळू त्यांची मान वर झाली, आणि डोळ्यांत माझ्या ओळखीचं ते कुतूहल आलं.

"त्या घरांना खिडक्या का नाहीत गं?"

रस्त्याच्या पलीकडे घरं होती, सगळी रस्त्याकडे तोंड करून. पण वाऱ्याकडच्या भिंतींत एकही खिडकी नव्हती. नीट पाहिलं तर विटांमध्ये चौकोन दिसत होते, जरा वेगळ्या रंगाच्या विटांचे. प्रत्येक घराला दोन-दोन.

मला काच धरायला बसवून काका उठले आणि पहिल्या घराच्या मागे गेले. एक म्हातारी आडोशाला कपडे वाळत घालत होती. त्यांचं बोलणं मला नंतर काकांनीच सांगितलं.

"आजी, इकडच्या खिडक्या कुठे गेल्या?"

"बुजवल्या. सासूबाई होत्या तेव्हाच. दर वर्षी काच फुटायची, कोण सारखं बसवत बसणार?"

"अहो, मला नाही का बोलवायचं!"

"तुम्ही कोण?"

काका इतके हसले, की आजीबाईही चिमटे हातात धरून हसायला लागल्या. परत आले ते कपाळाला हात लावूनच. "सगळ्यात वाईट वारा इथे," ते म्हणाले, "म्हणून इथे काचा नाहीत. काचा नाहीत म्हणून ठिपके नाहीत. आणि मी समजत होतो की वारा नाही." सव्वीस वर्षांची चूक सापडली होती आणि माणूस खुशीत होता.

त्या आजींनीच मग वाट दाखवली. वारा असला की तिथलं कुणी रस्त्यानं जात नाही. घरांच्या मागून, या अंगणातून त्या अंगणात असं जातात. आम्ही काच दोघांत धरून नेली, मग मागे येऊन सायकली नेल्या. लोकांनी वाळणं बाजूला सारली, एका घरानं कोंबड्या आत घेतल्या. घरं संपल्यावर झाडांची रांग लागली, तिच्या आडोशानं सायकली ढकलतच गाव गाठलं. दोन वाजता तावदान वाचनालयाच्या खिडकीत बसलं, अखंड.

परत येताना आम्ही हमरस्ता धरला. वारा तेवढाच होता, पण चौकट रिकामी होती. तरी काका दोन ठिकाणी उतरून चालले. एरवी तिथे ते कधी उतरत नाहीत. काच फुटली नव्हती, काका पडले नव्हते, अट मोडली नव्हती. घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं.

काकूनं दार उघडलं, काकांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "पोचली काच?"

"पोचली," मी घाईनं म्हणाले.

काका आत येऊन बसले. खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवली.

"पडलो नाही," ते म्हणाले. "काचही धड आहे. पण घाबरलो. हात थांबेनात माझे. असं कधी झालं नव्हतं. मला वाटतं, आता ही तूच ठेव."

काकू बसली. किल्लीकडे तिनं पाहिलंही नाही.

"खरंच घाबरलात?"

"हो गं."

"मग उचला ती किल्ली," काकू म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला भीती वाटत नव्हती, म्हणून सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला येत होती. आता निम्मी तुमची."