आमची ग्रँडबाई

तिला काहीही विचारा, उत्तर एकच: ग्रँड. थंडी वाजतेय का? ग्रँड. कारल्याची भाजी कशी झालीय? ग्रँड. गरम पाणी संपलं होतं ना, मग आंघोळ कशी केलीस? ग्रँड. आयर्लंडमध्ये 'बरं आहे', 'चालेल', 'राहू दे' आणि 'मरू दे' या सगळ्यांसाठी हा एकच शब्द पुरतो, हे तिनं विमानतळावरच ओळखलं असावं. तिचं खरं नाव मिनोरी. जपानहून वर्षभरासाठी माझ्या नातीच्या शाळेत आलेली आणि राहायला आमच्याकडे. मी तिचं नाव ग्रँडबाई ठेवलं. ते तिला सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली, हे सांगायला नको.

आमच्याकडे म्हणजे आयर्लंडमधल्या मलिंगारला, माझ्या मुलीकडे. मेधा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी नागपूरची, पण जानेवारीत नागपूरची गुलाबी थंडी सोडून मलिंगारच्या चिखलात जाण्याचा शहाणपणा मी अधूनमधून करते. त्या वर्षी गेले तेव्हा ग्रँडबाई घरात रुळली होती. सकाळी मला वाकून नमस्कार करायची, 'आजी-सान' म्हणायची. माझ्या सख्ख्या नातीनं, अन्वीनं, मला वाकून नमस्कार शेवटचा कधी केला ते आठवत नाही. अन्वीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि तेही असं हेल काढून, की समोर नात बसलीय की गावातला दूधवाला, अशी शंका यावी.

अन्वीच्या शाळेत महजाँगचं पथक आहे. महजाँग म्हणजे चिनी सोंगट्यांचा खेळ. चौघं टेबलाभोवती बसतात आणि रमीत जसे पत्ते लावतात तशा सोंगट्या लावतात. गणिताचे डेलनी सर हे पथक चालवतात. जपानची मुलगी येणार म्हटल्यावर ते इतके हरखले, की ती यायच्या आधीच त्यांनी शाळेत पोस्टर लावलं: तिचा हसरा फोटो, वर 'थेट जपानहून', खाली वॉटरफोर्डच्या शालेय स्पर्धेचं नाव. मूळ फोटोत तिच्या हातात ट्रॉम्बोन होता, तो सरांनी कापला होता.

पथकात ग्रँडबाई खेळत नसे. सर म्हणायचे, एवढ्या तयारीच्या खेळाडूला पोरासोरांत कशाला बसवायचं, तिनं नुसतं बघावं. मग ती हात मागे बांधून टेबलाभोवती फिरायची. एखाद्याच्या मागे थांबून "हं" म्हणायची. तेवढ्यानं उशीन नावाचा लाल केसांचा मुलगा घाबरून हातातली सोंगटी बदलायचा. अन्वी रोज जेवताना सांगे, "आई, ती काही बोलत नाही, पण तिला सगळं दिसतं." ग्रँडबाई मान खाली घालून वरणभात खायची.

आता मला थोडं माझ्याबद्दल सांगू द्या. मी महजाँग खेळलेली बाई आहे. नवरा हवाई दलात होता. लग्नानंतर आसामातल्या छावणीत गेले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या बायका रोज दुपारी महजाँग खेळत. मी नागपूरच्या महाल पेठेतून आलेली, मला पाच-तीन-दोन आणि भिकार-सावकार एवढंच येत होतं. कमांडिंग ऑफिसरच्या बाईंनी विचारलं, "यू प्ले, डिअर?" मी बिनबाह्यांच्या नव्या ब्लाउजात, उंच खोपा घालून ताठ बसून म्हटलं, "ऑफ कोर्स, मॅम." आणि बसले. एका सोंगटीवर पक्षी असतो. खेळणाऱ्याला ठाऊक असतं की तो पक्षी म्हणजे बांबूचा एक्का. मी मात्र पक्षीच वेगळे जमवत बसले, करंगळी वर करून, जणू माझ्या माहेरी पाळण्यावर सोंगट्याच टांगल्या होत्या. आज ती पोरगी मला कुठं भेटली तर तिचा तो उंच खोपा मी आधी सोडीन आणि मग चहा पाजीन.

तो जुना सेट मी मलिंगारला नेला होता. विमानतळावर त्या विटांकडे बघून अधिकारी म्हणाला, "मावशी, घर बांधताय का?" पण अन्वीनं माझ्याशी खेळायला साफ नकार दिला. म्हणाली, "आजी, आम्ही जपानी नियमांनी खेळतो. तुझे वेगळे आहेत." मी म्हटलं, "खेळ चिन्यांचा, त्यात जपान्यांचं काय वेगळं असणार? चार तिकड्या आणि एक जोडी." तिनं खांदे उडवले. सेट हॉट प्रेसमध्ये गेला. म्हणजे तिथं गरम पाण्याच्या टाकीभोवती टॉवेल उबेला ठेवायचं कपाट असतं, त्यात.

एका मंगळवारी अन्वी कॅमोगीच्या सरावाला गेलेली, म्हणजे त्यांच्या मुलींच्या हॉकीला, आणि मी कंटाळलेली. सेट काढला आणि ग्रँडबाईला समोर बसवलं. मनात म्हटलं, थेट जपानहून आलेल्या बाईशी दोन हात होऊन जाऊ देत. तिनं पहिलीच सोंगटी उचलली. पक्ष्याची. उलटी धरली, मग सुलटी धरली, मग हळूच आणखी एक पक्षी शोधून तिच्या शेजारी ठेवला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा चेहरा मी ओळखत होते. फक्त खोपा नव्हता.

"ग्रँडबाई, तुला येत नाही ना हे?"

"ग्रँड," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले.

मग तुटक इंग्रजीत सगळं बाहेर पडलं. तिच्या आजोबांना येतं. पण ते बाहेर, सिगारेटच्या धुरानं भरलेल्या खोलीत जाऊन खेळतात, आजी तो खेळ घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. तिनं स्वतः आयुष्यात फक्त ट्रॉम्बोन वाजवला.

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का, बाई?"

"आजी-सान, पोस्टर लावून झालं होतं."

ब्लाउज शिवून झाला होता म्हणून मीही छावणीत खेळायला बसले होते.

ती रात्री नीट झोपत नव्हती, हे तिनं नंतर सांगितलं. वॉटरफोर्डला आपण हरणार, सरांची मान खाली जाणार, अन्वी पुन्हा आपल्याशी बोलणार नाही, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मी म्हटलं, "रडू नकोस. मंगळवारी आणि गुरुवारी अन्वी घरात नसते. तुला तयार करते."

तर अशी आमची शिकवणी सुरू झाली. हुशार पोर. मी एकदा सांगितलं की तिच्या डोक्यात कोरलं जाई. चार तिकड्या, एक जोडी. जिंकल्यावर सोंगट्या कशा झोकात मांडायच्या, मान किती वळवायची, आणि कमांडिंग ऑफिसरच्या बाई जे म्हणायच्या तेच कसं म्हणायचं, हेही शिकवलं. म्हटलं, अर्धा खेळ रुबाबात असतो. ती मान डोलवायची.

दुसरा एक विषय मी तिला शिकवायला घेतला, त्यात मात्र ती नापास होत राहिली. मेधा मला म्हणते, "आई, तुझं प्रत्येक वाक्य 'नाही'नं सुरू होतं." ग्रँडबाईनं त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "फार उपयोगी शब्द आहे. चल, सराव करू. आणखी कारलं वाढू?" तिनं 'ना' पर्यंत तोंड उघडलं आणि म्हणाली, "ग्रँड." मी कारलं वाढलं. मेधा डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या भारतीय दुकानातून आणायची ती सगळी कारली त्या मोसमात ग्रँडबाईनंच संपवली.

वॉटरफोर्डला शाळेच्या मिनीबसमधून गेलो. मुलांवर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस कमी पडत होतं, म्हणून मी. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चहाचा फ्लास्क. वाटेत ग्रँडबाई माझ्या शेजारी बसून पुटपुटत होती. मी सांगितलं, "घाबरतेस काय, तुला मी शिकवलंय." हे वाक्य मी ज्या थाटात म्हटलं तो थाट आठवला की मला अजून घरात एकटीला हसू येतं.

पथकातल्या प्रत्येकाचं टेबल वेगळं होतं. ग्रँडबाईच्या टेबलावर बाहेरच्या शाळांची तीन मुलं. त्यातला एक शेजारच्याला कुजबुजला, "मेलो आपण, युवर वन जपानची आहे." कुणाही बाईला तिकडे असं 'युवर वन' म्हणतात, त्यात अपमान नसतो. तिन्ही मुलं भीतभीत खेळू लागली. मी भिंतीपाशी उभी राहून पुरी खात होते. आणि बघते तर ग्रँडबाईचा हात लागत चालला होता. एक तिकडी, दुसरी, तिसरी. मग तिनं शेवटची सोंगटी उचलली, सगळ्या सोंगट्या झोकात मांडल्या, मी शिकवली होती तेवढीच मान वळवली आणि त्या तीन मिसरूड फुटलेल्या मुलांना स्पष्ट आवाजात म्हणाली,

"महजाँग, लेडीज."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. दाढीवाले पंच आले, खाली वाकले, सोंगट्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग हळुवारपणे म्हणाले, "बाळा, हा हात जिंकत नाही."

झालं होतं असं, की आमच्या छावणीत चार तिकड्या आणि एक जोडी लागली की डाव तुमचा. जपानी नियमांत तेवढ्यानं भागत नाही, हातात ठरलेल्यांपैकी एखादी खासियत असावी लागते. ती नसताना जिंकले म्हटलं तर उलट दंड बसतो. आणि ही चूक जपानच्या मुलीनं केली होती. शेजारची टेबलं थांबली. डेलनी सर धावत आले. अन्वी आपल्या टेबलावरून उठून उभी राहिली.

ग्रँडबाई उठली. सरांना वाकून नमस्कार केला, मग पंचांना, मग त्या तीन मुलांना.

"मला महजाँग येत नव्हतं," ती म्हणाली. "या थंडीत शिकले. आजी-सानकडून."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. माझ्या तोंडात पुरी होती. छावणीतली ती पोरगी असती तर ताठ उभी राहून म्हणाली असती, "ऑफ कोर्स." मी फ्लास्कमागे लपता येतंय का ते पाहिलं. फ्लास्क लहान होता. पुरी गिळली आणि म्हटलं, "नियम माझे आहेत. हवाई दलाचे."

सर तिला म्हणाले, "मिनोरी, एकदा तरी बोलायचंस."

"सर, तुम्ही पोस्टर लावलं होतं."

डेलनी सर कानापर्यंत लाल झाले. "लावलं होतं खरं," म्हणाले. "चूक माझी. तू आता बाहेर बस, आराम कर. तुझ्या जागी राखीव मुलाला खेळवतो. ग्रँड?"

मी डोळे मिटले. हिचं उत्तर मला पाठ होतं.

"नाही," ग्रँडबाई म्हणाली.

मराठीत. सरांना शब्द कळला नाही, पण अर्थ कळला असावा, कारण ती बोलता बोलता खुर्चीत बसली होती. मागून अन्वी म्हणाली, "सर, ती नाही म्हणाली." तेही तिनं मराठीतच म्हटलं होतं, हे माझ्या लक्षात आलं बसमध्ये बसल्यावर.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात अन्वीनं तिला पुऱ्या खाता खाता खासियती शिकवल्या. दुपारी तिनं एक हात जिंकला, नियमानं, अगदी लहानसा. आमची शाळा शेवटून दुसरी आली. परतताना उशीननं विचारलं, "मग माझ्यामागे उभी राहून तू 'हं' म्हणायचीस, ते काय होतं?"

"भूक," ग्रँडबाई म्हणाली. "रोज त्या वेळेला लागायची."

बस किलकेनी मागे पडेपर्यंत हसत होती.

त्या दिवसानंतर तिनं ग्रँड सोडलं असं नाही, पण ते जपून वापरू लागली. पहिला फटका कारल्याला बसला. अन्वी आणि ती आता हॉट प्रेससमोर जमिनीवर बसून खेळत, आणि मी चूक सांगायला गेले की दोघी एका सुरात मला नाही म्हणत. तिला मी काय शिकवलं याचा हिशेब मेधानं केला तेव्हा एवढंच निघालं: एक खेळ चुकीचा आणि एक शब्द बरोबर.

मी नागपूरला निघाले तेव्हा ती डब्लिनच्या विमानतळावर सोडायला आली. सेट मी तिला दिला. ती घेईना, मी ऐकेना. शेवटी म्हटलं, "मला नाही म्हणायचं असतं का कुठं?" मग घेतला. तिचा चेहरा वाकडा झाला. मी विचारलं, "रडतेस?" म्हणाली, "नाही." हा शब्द आपल्याला खोटं बोलायलाही उपयोगी पडतो, हे मी तिला शिकवलं नव्हतं.

उन्हाळ्यात ती आपल्या देशी परतली. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे तिची आजी दिसत होती, भुवई चढवलेली, पण बसलेली टेबलाशीच. समोर माझा सेट. आजोबा हातवारे करून काहीतरी तावातावानं बोलत होते.

"काय झालं गं, ग्रँडबाई?"

"आजी-सान, मी जिंकले. चार तिकड्या, एक जोडी. आजोबा म्हणतात, हा हात चालत नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं मान नेमकी वळवली, छावणीतली.

"सांगितलं, आमच्या मलिंगारच्या घरी चालतो."