सोनालीबद्दल आज मी काय म्हणाले

आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतेय.

मी तुळजापूर तालुक्यातल्या एका शाळेत खो-खो शिकवते. मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांत एका मालिकेचा विषय निघाला. त्यात मारामाऱ्या करणारी मुलगी शाळेच्या संघात येते आणि बदलते. मी म्हणाले, "हे टीव्हीवरच पटतं. आपल्या नववीतल्या सोनालीला घ्या संघात, पहिल्याच दिवशी कुणाचं तरी डोकं फोडंल!"

सगळे हसले. दारात सोनाली उभी होती. हातात संघासाठीचा अर्ज होता.

ती वळून निघाली. मी मागं धावले. "अगं, गंमत केली. दे तो अर्ज."

तिनं दिला नाही. म्हणाली, "मॅडम, मी बी बघते ती मालिका. त्यातल्या सरांनी तिला आधी विचारलं, का मारतीस म्हणून. मला कुणीच न्हाय विचारलं."

मग मी विचारलं. ती अर्ज तसाच घेऊन वर्गात गेली.

पाचवीपासून ती आमच्याच शाळेत आहे. उद्या पुन्हा विचारणार आहे. तिच्या जागी तुम्ही असता, तर मला सांगितलं असतं का?