मोटार ढकलायची नाही

आमच्या मावशीनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही. तिला फुकटचा सल्ला दिला नाही असं घर हुमनाबादेत नसेल, आणि जिच्या बरोबर उलट तिनं करून दाखवलं नाही अशी एकही शहाणपणाची गोष्ट नसेल. तिचे यजमान, आमचे डॉक्टरकाका, गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, दवाखाना राहू दे, मोटार विक. मावशीनं दवाखाना विकला आणि मोटार ठेवली! बाईमाणसानं मोटार चालवू नये असं कुणीसं म्हणालं मात्र, दुसऱ्याच दिवशी जहागीरदाराकडचा एक म्हातारा ड्रायव्हर शिकवायला दारात हजर. गियर अडकला की मावशी मोटारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "अम्मा, गाडी को गाली नक्को देव, क्लच दबाव." पुढं ती झकास चालवायला शिकली. शिव्या काही सुटल्या नाहीत.

डोक्यावरून घट्ट पदर, त्यावर डॉक्टरकाकांचा काळा चष्मा, अशा थाटात ती दुबलगुंडीच्या शेताकडे निघाली की रस्त्यातली माणसं आपणहून ओट्यावर चढायची. म्हैस आडवी आली तर खाली उतरून मालकाला कानडीत, म्हशीला मराठीत आणि मध्ये तोंड घालणाऱ्याला उर्दूत झापायची. दिराच्या घरावरून जाताना हॉर्न वाजवलाच पाहिजे, मग रस्ता मोकळा असला तरी. आणि एक नियम म्हणजे नियम: मोटार ढकलायची नाही. "ढकललेली पोर आन् ढकललेली मोटार, दोन्ही लांब जात न्हाईत," असं ती म्हणायची. लोक हसायचे. परकर-पोलक्यातच तिला बोहल्यावर ढकललं होतं हे मला आईकडून ठाऊक होतं, त्यामुळं मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा मावशीकडेच राहायला होते. तिची शकू, माझी मावसबहीण, गुलबर्ग्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून निवडली गेली. दसऱ्याची सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी दुपारच्या घंटेआधी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. इकडे शकूच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या दिरांनी, उदगीरचं एक स्थळ परस्पर ठरवत आणलेलं. "पोरगी नोकरीला कामून पाठवायलाव वैनी?" हे त्यांचं रोजचं पालुपद. मावशीनं त्या दिवशी सकाळची बस मुद्दाम जाऊ दिली. माझी पोर माझ्या मोटारीतून जाईल! झालं. ट्रंक मागं ठेवली, शकूनं देवाला नमस्कार केला, मावशीनं स्टार्टर दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. पुन्हा टक्. बघता बघता अख्खी गल्ली गोळा झाली आणि काका तर जणू या टकटकीचीच वाट बघत होते. "दसऱ्याला सोता मोटारीची पूजा केलाव न्हाई का? विधवेच्या हातची पूजा! देवाच्या मनात न्हाई, वैनी. पोरीला घरात घ्या." माझं टाळकंच सरकलं. शकूचा चेहरा पार उतरला. दोघे-तिघे बाह्या सारून पुढं झाले, ढकलतो म्हणाले. मावशी कडाडली, "हात लावायचा न्हाई! इंजिन फिरवायचं हँडल चोरीला गेलंय. हितं तुम्ही ढकलाल, पुढं माळावर बंद पडली तर कोण ढकलंल, तुमची म्हस?"

तिनं पदर खोचला आणि आधी हॉर्न दाबला, तो काकांच्या कानाजवळ. ते टुणकन उडाले. "वाजायलाय. म्हंजे बॅटरीत जीव हाय." मग दिवे लावले आणि शकूला स्टार्टर दाबायला सांगितला. दाबताक्षणी दिवे मेले, सोडताच पुन्हा लागले. "करंट हाय, पण वाटेत कुठंतरी अडायलाय," म्हणत तिनं पायाखालची फळी उचलली, बॅटरीच्या तारा चाचपल्या आणि झटकन बोट मागं घेतलं. जोड चांगलाच तापला होता. वाकून बघते तो काय, दसऱ्याला हिनंच हौसेनं तारा सोडून, बॅटरी पुसून, दोन्ही खुंट्यांना मारुतीला फासावा तसा तेल-शेंदूर फासलेला आणि वरून तारा आवळलेल्या! त्यानंतर मोटार जागची हललीच नव्हती.

काकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मी काय म्हनत होतो? पूजेनंच घात केला!"

"पूजा बरोबर हाय भावजी, तेल लई झालं," मावशी मान वर न करता म्हणाली. "करंटला तेल अडवतंय. विधवा कोन आन् सवाष्ण कोन, ते त्याला कळत न्हाई."

शकू आतून चाकू घेऊन आली, मी रॉकेलचं फडकं आणलं. मावशीनं तारा सोडल्या, खुंट्या लखलखीत होईपर्यंत खरवडल्या, पुसल्या, आणि पुन्हा अशा आवळल्या की दातओठ खाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मनगटानं कपाळावरचा घाम पुसला, स्टिअरिंगला बसली आणि स्टार्टर दाबला. इंजिन खोकलं, थरथरलं, सुरू झालं! मी रस्त्यात उभी राहून टाळ्या पिटल्या. लाज कसली?

तेवढ्यात सगळ्यांना एकदमच दिसलं. खरवडताना मनगटाला माखलेला शेंदूर घाम पुसताना तिच्या कपाळाला लागला होता. डॉक्टरकाका गेल्यापासून कोऱ्या असलेल्या त्या कपाळावर चांगला ठसठशीत शेंदरी पट्टा. शकूनं पुसायला पदराचं टोक पुढं केलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागं घेतला. मावशीनं समोरच्या आरशात पाहिलं. चांगलं पाहिलं. मग गियर टाकला आणि मोटार काढली.

शकू वेळेत हजर झाली. दिवेलागणीला मावशी एकटीच परत आली, तेव्हाही तो पट्टा तसाच होता. तशीच ती गुलबर्ग्याच्या बाजारातून, शाळेच्या दारातून फिरून आली होती. तिनं मोटार लावली, "पोर राह्यली गं तिकडं," एवढंच म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं आणि डोळे लाल. जन्मभर कुणाचं न ऐकणाऱ्या बाईनं तो पट्टा तरी पुसायला नको होतं, असं मला अजून वाटतं.