दोन जागी बसणारी पारूबाई

"पारूबाईला दोन जागी बसता येतं," असे आमच्या गल्लीत म्हणत. मंगळवारी बाजारात सुकट-बोंबलाच्या पाट्या मांडून बसलेली पारूबाई त्याच वेळी नगरपंचायतीच्या सभेतही हजर असते, हे सगळ्यांना ठाऊक झाले होते. नळावर बायकांना हा विषय पुरत असे. "माय, मला पण शिकव की. एकीला सासूपाशी बसवते, एकीला माहेरी धाडते." पारूबाई घागर उचलून घरात जात. 

मी नोकरीमुळे नांदेडला राहतो. गाव देगलूरच्या वाटेवर आहे, आणि पारूबाईंचे, म्हणजे गजभाऱ्यांचे, घर आमच्या घराला लागून. त्यामुळे पुढचे काही मी पाहिले आहे, काही आईकडून ऐकले आहे.

गावाची नगरपंचायत झाली तेव्हा आमचा वार्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव सुटला. पारूबाईंचे पती निवृत्ती कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन होते. जिनिंग बंद पडल्यापासून घरीच असत. अर्ज पारूबाईंच्या नावाने भरला गेला आणि निकालाच्या दिवशी हार निवृत्तींच्या गळ्यात पडले. गाव त्यांनाच मेंबर म्हणू लागले. पारूबाईंना आरोग्य व स्वच्छता समितीवर घेतले, तेव्हा पहिल्या सभेला दोघेही गेले. समितीचे सभापती शिवशंकरअप्पा दारातच निवृत्तींना म्हणाले, "मेंबरसाहेब, तुम्ही बाहेर च्या घ्या. सही बाईचीच लागते."

त्या सहीपायी पारूबाई आत जाऊन बसल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांची खुर्ची खिडकीला लागून ठेवत. बोंबलाच्या वासाचे नाव कोणी घेत नसे. सभेचे काम पाहणारा कारकून सोमेश एकेक विषय वाचायचा, "सूचक कोण, अनुमोदक कोण?" असे विचारायचा, कोणीतरी नाव सांगायचे आणि विषय मंजूर व्हायचा. बरेच महिने पारूबाईंनी नुसते ऐकले. मग एका सभेत अप्पा उठायच्या बेतात असताना त्या बोलल्या.

"अप्पा, तुमच्या घरची बाई मंगळवारी बाजारात येती का?"

"कशाला येईल? गडी हायत की."

"म्हणून तुम्हांला ठाव न्हाई. आम्ही सकाळपासनं पाणी पीत न्हाई. दिवस मावळून घरी गेलो की पितो."

अप्पांना क्षणभर कळले नाही. कळल्यावर त्यांनी नजर टेबलावर ठेवली. "मग काय पाहिजे म्हणता?"

"पत्र्याच्या शेडमागं बायांसाठी संडास."

ठराव झाला. सूचक म्हणून पारूबाईंचे नाव लागले. काही दिवसांनी शेडमागे चुन्याने जागा आखली गेली. बाजारात पारूबाईंच्या शेजारी बसणारी बांगडीवाली जोहरा त्या चौकोनात उभी राहून म्हणाली, "फीत तू काट गे पारू. मगर पैला नंबर मेरा."

त्यानंतर सभांचे काम सॉफ्टवेअरवर गेले. सूचना, विषयपत्रिका, हजेरी, इतिवृत्त, सगळे त्यात. सदस्य परगावी असला तरी त्याला हजर राहता येईल, अशी सोय होती. मोबाइलवर ओटीपी यायचा. तो सांगितला की सही झाली. सोमेशने प्रत्येकाचा नंबर विचारून घेतला. गजभाऱ्यांच्या घरात एकच फोन होता आणि तो निवृत्तींच्या खिशात असे. पारूबाईंनी तो नंबर न अडखळता सांगितला.

"तोंडपाठ हाय की, बाई!" सोमेश म्हणाला, आणि पारूबाईंना बरे वाटले.

पहिल्या एक-दोन सभांचे निरोप निवृत्तींनी घरी सांगितले. मग सभा मंगळवारी ठेवली जाऊ लागली. सोमेशचा फोन यायचा, "भाऊ, तेवढा ओटीपी सांगा, अप्पा खोळंबले." निवृत्ती स्टँडवरच्या हॉटेलात बसल्या बसल्या आकडे वाचून दाखवायचे. बाजाराच्या दिवशी बायकोची खोटी कशाला करायची, असे त्यांचे म्हणणे. हॉटेलात चारजण ऐकत असत. फोन ठेवून निवृत्ती म्हणत, "ऑफिसचा हाय," आणि त्यांच्यासाठी एक कप जास्त यायचा.

एका मंगळवारी ते घरी पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"अप्पांनी दिलेत. ठराव झाला."

"कसला?"

"शेडमागं गाळे निघायलेत. अनुमोदक म्हणून तुझं नाव हाय."

पारूबाईंनी पुडा उघडला नाही. पुढच्या बाजारी त्यांनी पाहिले, चुन्याचा चौकोन पुसून तिथे पाया खणला होता. जोहरा बांगड्यांवरची धूळ झटकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "क्या गे पारू, इधर बैठ के उधर हात उठाई?"

पारूबाई पाट्या तिच्या भरवशावर टाकून तडक नगरपंचायतीत गेल्या. सोमेशने पडद्यावर दाखवले: संडासाचा ठराव रद्द, जागा गाळ्यांसाठी, अनुमोदक पारूबाई निवृत्ती गजभारे, सर्वानुमते मंजूर.

"मी न्हाई म्हणलं हे."

"बाई, ओटीपी आलाय. आता मला हात लावता येत न्हाई." मग त्याने आवाज उतरवला. "एक हाय. पुढच्या सभेत पहिला विषय असतो, मागचं इतिवृत्त कायम करणे. त्याच्या आत हरकत घ्या. एकदा कायम झालं, की झालं."

"येते. आन् आता माझा नंबर घाल." जोहराच्या लेकाकडून त्यांनी जुना फोन घेतला होता. सोमेशने नवा नंबर टाकला आणि तो पडद्याकडे पाहत थांबला.

"बदल करायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जातो. मालकाला इचारा."

पारूबाईंनी तिथूनच फोन लावला. निवृत्ती म्हणाले, "कशाला पाहिजे?" त्यांनी कारण सांगितले. पलीकडे हॉटेलातल्या कपबशांचा आवाज येत राहिला. "रेंज न्हाई," असे म्हणून निवृत्तींनी फोन ठेवला. थोड्या वेळाने सोमेश म्हणाला, "मुदत संपली बाई त्याची."

संध्याकाळी आईला भिंतीपलीकडून बोलणे ऐकू आले. भांडण नव्हते. निवृत्ती एवढेच म्हणाले, "जिनिंग गेली. मला कोण फोन करतंय आता? हा एकच येतो." पारूबाई म्हणाल्या, "फोन तुमच्याकडंच ठिवा. मला फकस्त आकडा सांगा."  झोपताना निवृत्तींनी फोन उशाखाली घेतला.

सभेच्या मंगळवारी पारूबाईंनी बाजार मांडला नाही. धुतलेले लुगडे नेसून त्या वेळेआधीच सभागृहात गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. सोमेशने भिंतीवरचा पडदा लावला. हजेरीत त्यांच्या नावापुढे हिरवी खूण आधीच आली होती.

अप्पा आले. "अरे, बाई! तुम्ही तर हजर हाव. आणखी कशाला हजर व्हता?"

"मागच्या ठरावाला माझी हरकत हाय. लिवून घ्या."

अप्पांनी सोमेशकडे पाहिले. सोमेश म्हणाला, "इतिवृत्त कायम झालं, अप्पा. सगळ्यांची सहमती सकाळीच आली." मग थांबून म्हणाला, "बाईंची पण."

"मी हितं बसलेय," पारूबाई म्हणाल्या.

"तितंबी तुमीच की," अप्पांनी पडद्याकडे बोट केले. एक सदस्य हसला.

"मग ह्या खुर्चीत कोण हाय?"

सोमेशने कीबोर्डवर मान घातली. अप्पांनी शिपायाला सांगितले, "बाईला च्या द्या," आणि दुसरा विषय वाचायला घेतला.

पारूबाई सभा संपेपर्यंत बसून राहिल्या. चहावर साय धरली. बाहेर आल्यावर निवृत्ती स्टँडवर दिसले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. त्यानंतर पारूबाई सभेला गेल्या नाहीत. मुदत संपेपर्यंत त्यांची हजेरी मात्र पूर्ण भरली.

गाळे झाले. त्यांतला एक अप्पांच्या मेहुण्याचा आहे. शेडमागे जायला आता वाटही उरली नाही. पारूबाई आणि जोहरा त्याच जागी बसतात. पाण्याची बाटली सोबत असते, ती संध्याकाळी भरलेलीच घरी जाते.

गेल्या सुट्टीत मी बाजारात पारूबाईंशी बोलत उभा होतो. निवडणुकीची हवा सुरू झाली होती. शिवशंकरअप्पा दोन माणसांसह आले, नमस्कार केला आणि पाट्यांसमोर थांबले.

"पारूबाई, वार्ड यंदाबी राखीवच सुटलाय. उभं राहा. तुम्हांला काही तरास न्हाई, आता समदं फोनवर व्हतंय."

जोहराने बांगड्या मोजायच्या थांबवल्या. पारूबाईंनी सुकटीचा ढीग हाताने सारखा केला आणि म्हणाल्या, "मला कशाला इचारायलाव, अप्पा? फोनलाच उभं करा."