दोन डाव्या बाह्या

त्या दुपारी खोलीत सीताफळांचा वास होता. माझ्या बायकोनं, गोदानं, ती कोपऱ्यात गवतावर पिकत घातली होती, आणि त्यांच्या गोडसर दरवळात डांबरगोळ्यांचा उग्र वास मिसळला होता, कारण वकीलसाहेबांचं शेरवानीसाठी आलेलं हिमरूचं कापड आम्ही नुकतंच गाठोड्यातून सोडून सतरंजीवर पसरलं होतं. जुन्या मधाच्या रंगाचं, अंगभर बारीक वेलबुट्टीचं ते कापड कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात असं उजळलं, की त्यावर आपली सावलीसुद्धा पडू नये म्हणून मी अंग चोरून बसलो. गोदा गुडघ्यांवर बसून खडू चालवत होती आणि मी सरकत सरकत टोकं दाबून धरत होतो. पुढच्या बाजू आखून झाल्या, पाठ झाली, गळा झाला. ऊन भिंतीवर चढलं तशी ती कमरेवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "बाह्या उद्या आखू. उजेड गेला." मग आम्ही एक सीताफळ फोडून खाल्लं, बिया एकाच बशीत टाकल्या. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं. पहाटे मी हाक मारली, तर ती उठली नाही.

मी शिकलेला माणूस नाही, चौथीतच शाळा सुटली. म्हणून जे आहे ते सरळ सांगतो. सुलतान बाजारात सगळे मला मास्टर म्हणतात, आणि या मास्टरनं भर तारुण्यापासून मोठी कात्री हातात धरलेली नाही. शिवण माझी, बेतणं गोदाचं. "कटिंग घरी करतो, तिथं उजेड चांगला," असं गिऱ्हाइकाला सांगून मी कापडाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसनं तारनाक्याला घरी यायचो आणि सकाळी बेतलेलं कापड घेऊन परत जायचो. शेरवानीचा खांदा कसा बसला म्हणून लोक माझी पाठ थोपटत, तेव्हा मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटे.

हे सगळं दोन बाह्यांमुळं झालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, उस्तादांच्या हाताखाली मी काम करत होतो. एका कोटाचं लोकरी कापड अगदी बेताचं आलं. कापड दुमडून कापलं की डावी-उजवी जोडी आपोआप सुटते. पण कापड कमी असलं की बाह्या एकेक करून काढाव्या लागतात, आणि सुलटी बाजू वर ठेवून दुसरी पहिलीच्या उलट आखावी लागते. माझ्या ध्यानात राहिलं नाही. दोन्ही डाव्या हाताच्या निघाल्या. उस्ताद ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या बाह्या दुकानाच्या दारात खिळ्याला टांगल्या, आणि पावसाळा सरेपर्यंत त्या तिथं वाऱ्यावर हलत राहिल्या. येणारा-जाणारा विचारी, "ये किसका कमाल है मियाँ?" आणि उस्ताद पान चघळत माझ्याकडं बोट दाखवीत.

गोदा मात्र पदर तोंडात कोंबून हसली होती. "दोन्ही हात डावे असलेलं गिऱ्हाईक शोधा की हो!" पण पुढं माझ्या हातात कात्री थरथरताना तिनं पाहिली, आणि शिंप्याचीच लेक ती, ती कात्री तिनं काढून घेतली. "तुम्ही शिवा," एवढंच म्हणाली. मला वाटलं, भीती गेली.

तेरावं करून लेक सासरी परतली. कोपऱ्यातली सीताफळं तोवर फुटून काळी पडली होती, ती मी गवतासकट बाहेर टाकली. हिमरूचं कापड पेटीवर घडी घालून तसंच पडलेलं. तेही बेताचंच, बाह्या एकेक करूनच काढाव्या लागणार. खडू पुसला असेल ही एक धास्ती, आणि उलगडलं तर तो पुसलेला दिसेल ही दुसरी. दोन्हींच्या मधे मी चहा करत बसायचो आणि तो निवल्यावर ओतून द्यायचो. दुकानाशेजारी काचेचं नवं दुकान उघडलं होतं. बाजार खुला झाला म्हणतात तो हाच असावा. आत बिनडोक्याचे पुतळे कोट घालून ओळीनं उभे, आणि एकाचीही बाही चुकलेली नाही. तिथून जाताना माझ्या तळहातांना घाम सुटे.

एके दुपारी वकीलसाहेब स्वतःच हिमायतनगरहून रिक्षानं घरी आले. हे कापड त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेलं, आणि आपल्या नातवानं लग्नात त्याचीच शेरवानी घालावी ही वकीलसाहेबांची हौस. गोदाबद्दल दोन शब्द बोलून ते म्हणाले, "मास्टर, दिवस थोडे राहिले. नातू म्हणतो, छोडो दादाजी, काचेच्या दुकानातून अर्ध्या तासात आणतो. पण तुमच्या हाताशिवाय हे कापड मी कुणाच्या कात्रीखाली जाऊ देणार नाही."

मला ते सोसवलं नाही. "साहेब, कापणारी ती होती," मी म्हणालो, आणि खिळ्याला टांगलेल्या बाह्यांपर्यंत सगळं ओकून टाकलं. "कापड घेऊन जा. असलं दुसरं आता मिळत नाही."

त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दोन्ही डाव्या झाल्या तर पोराला सांगेन, बाबा, डाव्या हातानंच हार घाल." उठताना हसू मावळलं होतं. "परवा येतो. नाही झालं तर नाही. पण आज मी हे उचलून नेत नाही."

ते गेल्यावर मापांची चिठ्ठी शोधायला मी गोदाची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी वर्तमानपत्रांचा जाड गठ्ठा सुतळीनं बांधलेला होता. सोडला, तर आत बाह्या होत्या. उर्दू, तेलुगू, जुन्या पिवळ्या अंकांतून कापलेल्या कागदी बाह्या, जोडीजोडीनं टाचलेल्या, सुलट्या बाजूला पेन्सिलीची फुली. एकेक जोडी हातावर धरून पाहिली, आणि कितीतरी जोड्या दोन्ही डाव्या होत्या. काही दोन्ही उजव्या. मी दुकानात मान खाली घालून वाहवा घेत होतो, तेव्हा ही इथं एकटी कागद कापत होती आणि चुकलेलं लुगड्यांखाली दडवत होती. मला हसणारी ती. माझी भीती गेली नव्हती. मी ती कात्रीबरोबर तिच्या हातात देऊन मोकळा झालो होतो.

खिडकीकडं पाहिलं. ऊन त्या दिवसासारखंच भिंतीवर चढलं होतं आणि खोलीत सुईत दोरा ओवता येईल इतकं लख्ख दिसत होतं. त्या दुपारी तिनं बाह्या उद्यावर टाकल्या, तेव्हा उजेड गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून वर्तमानपत्र पसरलं, तिच्यासारखी सुलट्या बाजूला फुली मारली आणि बाह्या आखल्या. कापून हातावर धरल्या. दोन्ही डाव्या. त्या टाचून मी गोदाच्या गठ्ठ्यावर ठेवल्या आणि दुसरा कागद घेतला. ही जोडी जमली असं वाटलं. तीन वेळा हातावर लावून पाहिली, तरी खात्री होईना. मग कापडाची घडी उलगडली. खडू फिकटला होता, पण रेघ दिसत होती. टोकं दाबायला कुणी नव्हतं म्हणून चार कोपऱ्यांवर थंड इस्त्री, तांब्या, अडकित्ता आणि तिची खडूची डबी ठेवली. कागद मांडला, फुली वर आहे ना ते पाहिलं, बाह्या आखल्या, आणि मोठी कात्री उचलली. हात थरथरत होता. तो थांबायची वाट न पाहता मी कापायला घेतलं.