लालासाहेबांचं खुराडं

लालासाहेब बावीस वर्षं फौजेत होते. त्यातली जेमतेम अडीच वर्षं बायको त्यांच्याबरोबर क्वार्टरमध्ये राहिली. बाकी सगळा संसार रजेरजेतून झाला. निवृत्त होऊन मलकापूरजवळच्या वस्तीवर परतले, त्या दिवशी त्यांनी ट्रंक माळ्यावर टाकली आणि लीलाबाईंना म्हणाले, "आता कुटं जायाचं न्हाई. दोगं हितंच."

चौदा वर्षं तसंच झालं. मग सांगलीला लेकीला, संयोगिताला, मुलगी झाली. संयोगिता विश्रामबागेत कॉलेजात शिकवायची. रजा संपली, जावई महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. लहानग्या ओवीला बघायला घरचं माणूस पाहिजे होतं. लीलाबाई गेल्या. ऊस, म्हैस आणि कोंबड्या होत्या, म्हणून लालासाहेब मागं राहिले.

जाताना लीलाबाईंनी म्हशीबद्दल एक शब्द काढला नाही. सांगितलं ते कोंबड्यांचं. बारा कोंबड्या, आणि तीन महिन्यांचा एक तांबडा कोंबडा, ज्याला अजून नीट आरवताही येत नव्हतं. "सांजचं सगळ्या आत गेल्या का बघा, मोजा, मगच दार लावा," एवढं म्हणून त्या एसटीत चढल्या.

पहिले चारपाच महिने काही अडलं नाही. दिवेलागणीला कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात जायच्या, लालासाहेब मोजायचे आणि सांगलीला फोन लावायचे.

"किती?" पलीकडून पहिला प्रश्न.

"बारा. आन् एक."

मग ओवीचं बोलणं, खोकला, पालथं पडणं. फोन ठेवला की घर एकदम मोठं वाटायचं. लालासाहेबांना झोपण्यापूर्वी दोन चहा करायची सवय होती. एक कप तसाच गार व्हायचा.

लीलाबाई परत येतील तेव्हा त्यांना काहीतरी नवं दिसावं, असं त्यांच्या मनात आलं. खुराड्यातले कोंबड्यांच्या बसायचे बांबू वाकडेतिकडे, एक वर एक खाली, कडेला काळे पडलेले. फौजी माणसाच्या डोळ्याला ते खुपायचं. त्यांनी कराडहून लोखंडी पाइप आणला, तो एका उंचीवर, एका रेषेत बसवला आणि वर चकचकीत रंग मारला. बॅरकच झाली म्हणा ना! त्या खुशीत खुराड्याला राख फासायची आणि चुना लावायचा राहिला तो राहिलाच.

दोन दिवस कोंबड्या आत गेल्या. तिसऱ्या दिवशी सांजेला दाराशी आल्या, माना वाकड्या करून आत बघितलं, आणि एकामागून एक परसातल्या पेरूच्या झाडावर चढल्या. लालासाहेबांनी हाकललं, कण्या टाकल्या, काठी आपटली. त्या आणखी वरच्या फांदीवर गेल्या. तांबडा कोंबडा आता पुरता वयात आला होता. त्यानं एक पंख जमिनीला घासत त्यांच्याभोवती अर्धा फेरा मारला आणि उडी घेऊन पोटरीवर पायातला काटा मारला. धोतराला रक्त लागलं.

आठवडाभर कोंबड्या झाडावरच बसल्या. आणि एका पहाटे पेरूखाली पिसं दिसली. रानमांजरानं करड्या कोंबडीला नेलं होतं. तीच लीलाबाईंची आवडती. ऊन पडलं की त्यांच्या पायाशी येऊन बसायची.

त्या संध्याकाळी फोनवर प्रश्न आलाच. "किती?"

"बारा," लालासाहेब म्हणाले. कोंबडा धरून ते खोटं नव्हतं.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी लीलाबाई थांबून म्हणाल्या, "आवं, तुमी 'आन् एक' म्हनायचं सोडलंय. काय झालंय?"

लालासाहेबांनी सगळं सांगितलं. पाइप, रंग, पेरू, रानमांजर. पलीकडं ओवी कशाला तरी हसत होती.

"करडी व्हय..." लीलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला. "त्यांचं काय चुकलं न्हाई. तुमचंबी न्हाई. पाइप गोल आन् गार, नखं रुतत न्हाईत. त्यांना रुंद लाकूड लागतं, पायाची बोटं पिसांखाली झाकून बसायला. आन् एका उंचीवर कशा बसतील? थोरली काळी सगळ्यांत वर, भिंतीकडं. तिच्या शेजारी पांढरी. तुरेवालीला पांढरीजवळ बसवू नका, टोचती ती. नव्या पोरी खाली. ज्याची त्याची जागा हाय."

"आन् कोंबडा?"

"तो शेवटी जायाचा. सगळ्या आत गेल्याबिगर तो जात न्हाई. आन् राख फासली का? फटीत लाल बारीक किडं झालं आसत्याल. ते रातीला रगत पित्यात. मग कोन बसंल आत?"

लालासाहेबांनी कागदावर लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "तुला हे कुनी शिकिवलं?"

"कुनी शिकवायचं? तुमी तिकडं होता. सांज झाली की घर खायाला उठायचं. मग मी खुराड्याम्होरं जाऊन बसायची. कोन कुटं बसतंय, कोन कुनाला ढकलतंय, बघत राहायची. सगळ्या बसल्या की वाटायचं, आपलं तेवढं एक माणूस आलं न्हाई." त्या हसल्या. "वीस वर्सं बघितलंय. न्हाई कळलं तर नवल."

फोन ठेवल्यावर लालासाहेब ओट्यावर बसून राहिले. बावीस वर्षांत त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांत हवामान, जेवण आणि पुढची रजा असायची. सांजेला घरी काय असतं, हे विचारल्याचं त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी पाइप काढला. बाभळीच्या रुंद फळ्या तासून, कडा गोल करून, पायऱ्यांसारख्या बसवल्या. फटी धुतल्या, चुना मारला, खाली राख टाकली. अंधार पडता पडता पेरूला शिडी लावून एकेक कोंबडी उतरवली. अंधारात त्यांना दिसत नाही, त्यामुळं त्या मुकाट हातात येत होत्या. गरम, हलक्या, काळीज धडधडणाऱ्या. काळी भिंतीकडं. पांढरी शेजारी. तुरेवाली लांब. तीन दिवस दार बंद ठेवलं, दाणापाणी आतच दिलं.

कोंबड्याचंही लीलाबाईंनीच सांगितलं होतं: पळू नका, लाथ मारू नका, उचला आणि बगलेत घेऊन फिरा. लालासाहेब रोज त्याला बगलेत धरून परसात चकरा मारायचे. चौथ्या दिवशी दार उघडलं, तेव्हा त्याला एक गांडूळ सापडलं. त्यानं ते चोचीत धरून खाली टाकलं, कुक-कुक करून कोंबड्यांना हाक मारली आणि स्वतः बाजूला उभा राहिला. पांढरीनं ते गिळलं. सांजेला सगळ्या आत गेल्या. तो दारात उभा राहून एकदा मागं बघून मग गेला.

"अकरा," लालासाहेब फोनवर म्हणाले. "आन् एक."

दिवाळीच्या सुट्टीत लीलाबाई दोन दिवसांसाठी आल्या. आल्या आल्या पदर खोचून परसात गेल्या आणि नेहमीच्या लयीत "या, या, या" केलं. कोंबड्या धावल्या. पण तांबडा मध्ये आला. पंख खाली पाडून, मान फुलवून तो त्यांच्यावर तिरका चालून आला. तो पिल्लू असताना त्यांनी त्याला स्वतःच्या तळहातावर कण्या चारल्या होत्या.

लीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "बघा की," त्या हसत म्हणाल्या, "माज्याच घरात मला वळखना झालाय." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

लालासाहेबांनी कोंबडा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "धर. म्हंजी वळखंल."

त्यांनी धरला. सांज होईपर्यंत दोघं खुराड्यासमोर उभी होती. कोंबड्या एकेक करून चढल्या, थोडी ढकलाढकली झाली, एक खाली पडली, परत चढली. पांढरीच्या पलीकडची करडीची जागा अजून मोकळीच होती.

"किती दिस ऱ्हायचं तिकडं आजून?" लालासाहेबांनी विचारलं.

"ओवी शाळंला जाईस्तवर. दोन वर्सं तरी." मग हलक्या आवाजात, "तुमाला लय जड जातंय व्हय?"

"व्हय," लालासाहेब म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरच्या स्टॉपवर सांगलीची गाडी आली. लीलाबाई खिडकीशी बसल्या आणि वाकून म्हणाल्या, "पांढरी खुडूक झालीय, सकाळधरनं घरट्यातनं उठंना. तिच्याखाली नऊ अंडी घाला. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील."

"तवा येशील?"

"बघती. संयोगिताला इचारती."

गाडी हलली. घरी येऊन लालासाहेबांनी टोपलीत गवत घातलं, नऊ अंडी निवडली, पांढरीला वर बसवलं. तिनं अंगाखाली एकेक अंडं चोचीनं ओढून घेतलं. ते बराच वेळ तिच्याजवळ बसले. मग आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरावर एकविसाव्या दिवसाला पेन्सिलनं गोल केला.