बिडाच्या रंध्यावरचं बोट

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला पाचूबंदरच्या आमच्या घरातला बिडाचा रंधा आठवतो. माझा नवरा होड्यांचा सुतार होता, आणि एका वर्षी तो विषमज्वराने अंथरुणाला खिळला. खाऱ्या वाऱ्याने रंध्याचा तळ तांबूस पडू लागला, तेव्हा माझ्या मनाने घेतलं की याला गंज चढला तर हा माणूस उठणार नाही. मग मी रोज काथ्या आणि राखेने तळ घासायची, कोरडा करायची आणि चर्चमधून आणलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून त्यावर चोळायची. सासू रडकुंडीला येऊन म्हणायची, "पोरी, त्याच्या तोंडात पानी घाल गो, लोखंडाला काय कुरवाळतेस?" तरी माझा हात थांबत नसे. एका दुपारी मेण लावण्याआधीच त्याने रंधा मागितला. घामेजलेलं बोट तळावरून फिरवत तो पुटपुटला, "चांगला ठेवलास. आता कुना सुताराला देऊन टाक." मी ओरडले, "नाय देनार! तू ऊठ!" तो उठला नाही, पहाटे गेला. दफन करून आल्यावर पाहिलं, तर तळावर त्याच्या बोटाएवढा गंज उमटला होता. मी काथ्या हातात घेतला आणि खाली ठेवला. आज माझे केस पिकलेत. तो गंज मी अजून घासलेला नाही.